अक्कांनी सांगितलेले पडेल बोलपट

जो बोलपट हुबळीत चालत नसे, तोच अक्का बघायला सांगत. ज्याच्या तिकिटासाठी धक्काबुक्की होई, त्याचं नाव काढलं की म्हणत, "त्याला जायला सगळा गाव आहे की. मी कशाला?" आणि ज्याच्या खुर्च्या रिकाम्या पडत, त्याची शिफारस दारोदार करत. "आजच जा रे. उद्या उतरवतील."

अक्का आमच्या शेजारच्या. नवरा लवकर गेला, तेव्हा पापड-शेवया करून त्यांनी एकुलत्या शिवूला वाढवलं. मी आमच्या घराण्यातला पहिला बी.ए. ही गोष्ट मी कुणाला विसरू देत नसे, आणि अक्काही देत नसत. "ए बी.ए., गोष्ट कशी आहे ते विचारू नकोस. भिकार आहे. राणी विहिरीवर येते तिथं बासरी वाजते, तेवढी ऐक. मग खुशाल झोप."

ती बासरी शिवूची असे. धारवाडच्या एका बुवांकडे तो शिकला आणि कोल्हापूरला एका फिल्म कंपनीत वाजवायला लागला. अक्कांना तो मैफलीत बसायला हवा होता. "पडद्यामागं वाजवणाऱ्याला कोण ओळखतं?" त्या कडाडल्या. "तू ओळखशील की," म्हणून तो गेला, तो पुन्हा पत्र नाही, निरोप नाही.

पडद्यावर वाजवणाऱ्यांची नावं येत नसत. पण अक्का बायकांच्या बाजूला डोळे मिटून बसत आणि बरोबर ओळखत. शिवू लहानपणापासून छातीनं अधू. उणकलच्या तळ्यावर रियाझ करतानासुद्धा आलाप पुरा व्हायच्या आत त्याचा श्वास सरे, सूर तुटे. बुवा त्यासाठी रागावत. आई त्याच तुटण्याची वाट बघे. "हा माझा!" असं त्या मोठ्यानं म्हणत आणि पुढच्या बायका "शूऽऽ" करत.

मग बरेच दिवस शिवूची बासरी कुठल्याच बोलपटात आली नाही. अक्का वाळत चालल्या. शेवटी एक पौराणिक बोलपट लागला, पहिल्याच दिवशी ओस. अक्का तिथून जवळजवळ पळतच घरी आल्या.

"बी.ए., अरे यमनचा केवढा आलाप! मधे एकदाच श्वास घेतला, तोही इतकासा. बरी झाली रे छाती त्याची!"

सगळ्या गल्लीला त्यांनी तो बोलपट बघायला लावला. स्वतः कोल्हापूरला जाऊन त्याचा रुसवा काढायचा ठरवला. शेंगांची चटणी कुटून झाली. आणि त्याच दुपारी कंपनीतला एक तबलजी घर शोधत आला. त्याच्या हातात कापडात गुंडाळलेली बासरी होती. शिवू गेल्या पावसाळ्यातच क्षयानं गेला होता.

"काय बोलता?" अक्का म्हणाल्या. "परवाच ऐकलाय मी त्याला. कधी नव्हे ते इतकं लांब वाजवतोय."

तबलजी खाली बघत म्हणाला, "अक्का, तो बोलपट आम्ही सगळ्यांत आधी केलेला. फिल्मचे डबे तसेच पडून होते. आत्ता सुटले."

मी त्यांच्याकडे बघू शकलो नाही. अक्कांनी विचारलं, "शेवटी शेवटी एका दमात किती वाजवायचा?"

"शेवटी वाजवत नव्हता. नुसती हातात धरून बसायचा."

अक्का उठल्या. पदर सारखा केला. "आज शेवटचा खेळ आहे. चल, बी.ए."

आम्ही दोघं आणि पलीकडे पेंगणारे कुणी दोघे-चौघे. मी बायकांच्या बाजूला त्यांच्याशेजारी बसलो; कुणी हटकलं नाही. यमन सुरू झाला. या खेपेला अक्कांनी डोळे मिटले नाहीत. सूर तुटला, तेव्हा त्या काही बोलल्याही नाहीत.

बाहेर आल्यावर त्यांनी विचारलं, "हे डबे आता कुठं जाणार?"

"गदगला म्हणतात."

"तिथंही कुणी जायचं नाही रे याला," अक्का म्हणाल्या, आणि दुपारपासून पहिल्यांदा रडल्या.