दोन घरांच्या खिडक्या

सत्तरच्या दशकाच्या शेवटी बाबांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आणि टेपवरचे आकडे त्यांना दिसेनासे झाले. तोवर तीस वर्षं त्यांनी बेटावरच्या त्रियोले गावात आमच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये दारं-खिडक्या बनवल्या होत्या. हाताखाली दोन कारागीर होते, पण माप घ्यायला, लाकूड निवडायला आणि घरमालकाशी बोलायला बाबा स्वतः जायचे. मी तेव्हा चोवीस वर्षांची होते. शाळा संपली होती, आणि शनिवारी देवळात मी मुलांना मराठी अक्षरं शिकवायची. एका सोमवारी सकाळी बाबांनी टेप माझ्या हातात दिली.

“आकडे तू वाच, बाय. लाकूड मी बघीन,” ते म्हणाले.

वर्षभर आम्ही दोघं बसनं गावोगाव असेच फिरलो. बाबा लाकडावर बोटं फिरवत, नखानं दाबत, वास घेत, आणि मग मला तेच करायला लावत. ओलं लाकूड गालाला थंड लागतं हे मी असंच शिकले. वर्ष संपता संपता बाबा मला आधी विचारायला लागले आणि मग स्वतः हात लावायला लागले. आमचं बहुतेक वेळा जुळायचं. जुळलं नाही तर बसमध्ये सगळा रस्ता वाद चालायचा.

त्याच सुमारास रिव्हिएर दू रांपार या गावाहून एक काम आलं. माणसं आपलीच, मराठी. अंगण एक आणि त्यात घरं दोन. मागचं घर जुनं, लाकडी. त्या घरच्या म्हाताऱ्या बाईंना सगळे काकी म्हणायचे; त्यांच्या नवऱ्यानं ते साखर कारखान्याच्या एका साहेबाकडून विकत घेतलं होतं, फळी फळी सुटी करून लॉरीतून आणलं होतं आणि आपल्या जमिनीवर पुन्हा उभं केलं होतं. तो गेल्यावर काकी तिथेच राहत होत्या. पुढे रस्त्याच्या अंगाला त्यांच्या मुलानं नवं काँक्रीटचं घर बांधायला घेतलं होतं. तो पोर्ट लुईला सरकारी कचेरीत होता, टापटिपीचा माणूस. भिंती उभ्या होत्या, खिडक्यांच्या जागा रिकाम्या होत्या.

आम्ही पोचलो तर तो फाटकातच उभा होता. त्यानं बाबांकडे पाहिलं, मग माझ्या हातातल्या टेपकडे.

“काय गो, तू माप घेणार?”

“माप मी घेणार आणि लाकूडपण मी सांगणार, भाऊ,” मी म्हटलं. बाबा गप्प राहिले. ते मुद्दाम गप्प राहिले हे मला कळलं, आणि त्यामुळे मला बळ आलं.

त्याचा बेत ठरलेला होता. नव्या घराला त्याला लोखंडी चौकटीच्या खिडक्या हव्या होत्या. तेव्हा सगळे त्याच बसवत होते. आणि हात लागलाच आहे तर आईच्या घराच्याही चौदा खिडक्या काढून तिथेही लोखंडच घालायचं, म्हणजे दोन्ही घरं एकसारखी दिसतील. आमच्याकडून त्याला फक्त दारं हवी होती.

“मग आम्हाला खिडक्या कशाला दाखवतोस?” बाबा म्हणाले.

“आई ऐकत नाही म्हणून. तुम्ही सांगा तिला, की त्या कुजल्यात.”

आम्ही मागच्या घरात गेलो. काकी खिडकीपाशी खुर्चीत बसल्या होत्या. गुडघ्यांनी त्या जागच्या जागी झाल्या होत्या, आणि दिवसाचा बराच वेळ त्याच खिडकीत जायचा. बाहेर त्यांचा वांग्या-टोमॅटोचा मळा होता. कामाला येणाऱ्या बायांना त्या तिथूनच हाका मारून सांगायच्या, कुठे पाणी घाला, कुठलं तण काढा.

“लोखंडाच्या खिडकीतून पण मळा दिसेल, आई,” मुलगा म्हणाला.

“दिसेल. पण ही मला एका बोटानं उघडता येते,” काकी म्हणाल्या.

खरंच तसं होतं. मी झडप ढकलली आणि ती आवाज न करता भिंतीला जाऊन टेकली. काचेची आतली झडप, बाहेरून आडव्या पट्ट्यांची दुसरी, तिला आमच्याकडे सगळे ‘व्होले’ म्हणतात. वारा हवा तर पट्ट्यांतून येतो आणि ऊन बाहेर राहतं. रंग मात्र सगळीकडे पापुद्रे धरून सुटला होता, आणि लांबून बघणाऱ्याला त्या खिडक्या कुजलेल्याच वाटल्या असत्या.

मी पिशवीतून लहान पटाशी काढली आणि एकेका खिडकीला खालून वरपर्यंत टोचत गेले. मुलगा मागून येत होता. वरच्या पट्ट्यांत आणि उभ्या लाकडांत पटाशी शिरतच नव्हती. ते बेटावरच्या जुन्या रानातलं लालसर, जड लाकूड होतं, तसं आता मिळत नव्हतं. खालच्या आडव्या पट्टीत मात्र, जिथे पाणी साचतं तिथे, पटाशी केकमध्ये सुरी जावी तशी गेली. असं नऊ खिडक्यांत झालं. पाच अगदी धडधाकट होत्या.

मी पटाशी त्याच्या हातात दिली. “तूच टोच, भाऊ. वर टोच, मग खाली टोच.”

त्यानं टोचलं. वर जोर लावून टोचलं, तरी नुसता ओरखडा उठला.

“नऊ खिडक्यांच्या खालच्या पट्ट्या बदलायच्या, फणसाचं लाकूड घालून. बाकी खरवडून रंग द्यायचा. हे लाकूड फेकलंस तर तुला परत कुठेच मिळणार नाही.”

बाबांनी तोपर्यंत एका चौकटीवर हात ठेवला होता. ते एवढंच म्हणाले, “कोरेक.” म्हणजे बरोबर आहे. क्रिओलमधला तो शब्द ते मोजून वापरायचे.

आईच्या घराचं असं ठरलं. नव्या घराचा वाद मात्र अर्धा दिवस चालला. समुद्र तिथून लांब नाही, आणि खारा वारा लोखंडाला सोडत नाही. शेजारच्या गल्लीत पाच वर्षांपूर्वी बांधलेलं, लोखंडी खिडक्यांचं घर होतं. मी त्याला तिथे चालवत नेलं, घरमालकिणीची परवानगी घेतली आणि तिच्या खिडकीची कडी उघडायला सांगितलं. त्यानं दोन हातांनी ओढली तेव्हा ती उघडली, आणि तळहाताला गंज लागला. परत येताना तो तळहात रुमालाला पुसत होता. अंगणात आल्यावर म्हणाला, “बरं, साग लाव. पण जुन्या घरासारखं दिसायला नको. हे नवं घर आहे.”

ते त्याचं बरोबर होतं, आणि मी तसं त्याला सांगितलं. जुन्या घराची खिडकी उंच आणि अरुंद, कारण तिथली छतं उंच आणि फळ्यांच्या भिंती हलक्या. काँक्रीटच्या घराला छत बुटकं, भिंत जाड. तिथे रुंद खिडकी शोभते: मोठी काच, बारीक चौकट, नक्षी काही नाही. बसल्या बसल्या मी त्याला सिमेंटच्या कागदी पिशवीवर काढून दाखवली. ती त्याला आवडली. मग त्याच चित्रात मी बाहेरून व्होले रेखाटले आणि तो तिथेच अडला.

“मागच्या खोल्यांना लाव. रस्त्याकडच्या दोन्ही खिडक्यांना नको. काच झाकली तर एवढी मोठी काच कशाला घ्यायची?”

मी म्हटलं, वादळात लागतील. तो म्हणाला, तेव्हा फळ्या ठोकू. दिवसभर मी जिंकत आले होते. एक गोष्ट त्याच्या मनासारखी होऊ दे, असं मला वाटलं, आणि मी मान डोलावली. बाबांनी ते ऐकलं, पण बोलले नाहीत.

काम चार महिने चाललं. काकींच्या खिडक्या एका वेळी दोनच काढायच्या असं मी ठरवलं होतं, म्हणजे घर उघडं पडणार नाही. नव्या पट्ट्यांना खालून पाणी निथळायला खाच ठेवली. रंग खरवडताना खाली निळा निघाला, त्याखाली हिरवा. काकींनी हिरवा निवडला. नव्या घरात सागाला रंग न देता तेल दिलं. मुलगा शेवटच्या दिवशी रस्त्यावर जाऊन उभा राहिला आणि पुढच्या दोन मोठ्या खिडक्यांकडे बघत राहिला. त्याचा चेहरा बघून मलाही बरं वाटलं.

पुढच्या जानेवारीत वादळ आलं. रेडिओवर वादळाच्या इशाऱ्यांचे आकडे चढत गेले तेव्हा आम्ही त्रियोलेत आमचीच शेड दोरांनी बांधत होतो. दुसऱ्या दिवशी सकाळपासून दुपारपर्यंत वारा असा होता की एकमेकांचं बोलणं ऐकू येईना. माझ्या डोक्यात सारख्या त्या दोन काचा येत होत्या. त्यानं फळ्या ठोकल्या असतील का? ठोकल्या असतील तर किती जाड?

बस सुरू व्हायला चार दिवस लागले. कुणी बोलावलं नव्हतं, पण मी पहिल्या बसनं गेले, एकटी. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊस जमिनीला टेकला होता. फाटकातूनच मला दिसलं. पुढच्या दोन खिडक्यांपैकी एकीत काच नव्हती, तिथे ताडपत्री होती.

तो बाहेर आला. कपाळाला पट्टी होती.

“पत्रा उडत आला, कुणाच्या छपराचा ठाऊक नाही. फळी मोडून आत शिरला,” तो म्हणाला. “आईला आदल्या दिवशीच इकडे आणली होती. सगळे मागच्या खोलीत गेलो. तिथे तुझे व्होले होते. काही झालं नाही.”

“आणि काकींचं घर?”

“छपराचे चार पत्रे गेले. एक व्होले बिजागरीतून सुटून मळ्यात पडला. बाकी खिडक्या आहेत तशा आहेत.” मग ताडपत्रीकडे बघत तो म्हणाला, “तू मला सांगितलं होतंस.”

“सांगितलं होतं, पण धरून ठेवलं नाही. मला ठाऊक होतं आणि मी मान डोलावली. ती चूक माझी.”

आतून काकींनी हाक मारली, बाहेर काय उभी राहिलीस, आत ये, चहा पी. मी आत गेले. चहा पिऊन झाल्यावर मी त्या दोन खिडक्यांचं माप घेतलं. या वेळी मी त्याला चित्र काढून दाखवलं ते बाजूला सरकणाऱ्या व्होलेचं. उघडे असताना भिंतीशी लपतात आणि काच पूर्ण मोकळी राहते. हे पहिल्याच दिवशी सुचायला हवं होतं. मी तेव्हा त्याची हौस आणि माझं म्हणणं यांतलं एकच निवडायचं असं समजून बसले होते.

संध्याकाळी मी बाबांना सगळं सांगितलं. सरकत्या व्होलेचं ऐकून त्यांनी विचारलं, रूळ कशाचा, वजन कशावर येणार. मी सांगितलं. मग ते म्हणाले, “तू मान डोलावलीस तेव्हा मी ऐकलं होतं. तेव्हा बोललो असतो तर तू पुढच्या वेळी पण माझ्याकडे बघितलं असतंस.” मला त्यांचा राग आला. माणसं त्या काचेमागे असू शकली असती, मी म्हटलं. बाबांनी डोळे चोळले. मग म्हणाले, “हो. ते माझं चुकलं.” त्यांच्या तोंडून असं मी आधी कधी ऐकलं नव्हतं.

त्या वर्षी बाबांनी डोळ्यांचं ऑपरेशन करून घेतलं आणि त्यांना पुन्हा आकडे दिसायला लागले. टेप मात्र त्यांनी परत मागितली नाही. ते शेडमध्ये रंधा मारत बसायचे आणि मी गावोगाव जायची. पावसाळ्यानंतर बों अक्योय गावाहून एका माणसाचा निरोप आला. त्यानं रिव्हिएर दू रांपारची दोन्ही घरं पाहिली होती. मी गेले तेव्हा त्यानं माझ्या मागे रस्त्यावर पाहिलं.

“सुतार कुठे आहेत?”

“सुतार त्रियोलेत आहेत. खिडक्या मी ठरवते,” मी म्हटलं. “आधी वारा कुठल्या अंगानं येतो ते दाखव.”

त्यानं फाटक उघडलं आणि मला घराच्या पूर्वेकडच्या भिंतीकडे घेऊन गेला.