केरबाने लावलेले पाय

टाकवे बुद्रुकच्या केरबा असवल्याला "प्लास्टिकच्या खुर्चीत एवढं काय असतं रे?" असं चुकूनही विचारू नये. मी एकदा विचारलं. चहावर साय आली तरी गडी थांबला नव्हता.

तळेगावच्या बाजूला एका कारखान्यात त्याने एकोणीस वर्षं खुर्च्या काढल्या. कारखाना बंद पडला आणि केरबा मोडक्या खुर्च्या जोडायला लागला. मांडवातल्या, शाळेतल्या, दवाखान्यातल्या. खुर्ची आली की आधी ती उलटी करायची आणि बुडाखालची बारीक गोल खूण बघायची. वितळलेला माल साच्यात जिथून शिरतो, ती ही खूण. केरबा तिला बेंबी म्हणतो. मग एक कपची जाळून हुंगायची. मेणबत्तीचा वास आला तर नेहमीचा माल. हुंगताना तो तोंड असं करतो, की बघणाऱ्याला वाटावं, हा सोयरीक ठरवतोय.

जोड मात्र असा देतो की तडा कुठे होता ते त्याच्या बायकोलाही सापडत नाही. हात जेवढा गुणी, तोंड तेवढंच नाठाळ. स्वतःच्या कामाबद्दल गप्प बसणं त्याला आजवर जमलेलं नाही.

गेल्या महिन्यात वलवणच्या सविताबाई दळवींचा निरोप आला. खुर्ची मोडलीय, घेऊन जा. टेम्पो माझा, म्हणून मीही गेलो.

सविताबाईंचे यजमान आर्किटेक्ट होते. पाच वर्षांपूर्वी गेले. चौऱ्याहत्तर साली त्यांनी युरोपातून एक नारिंगी खुर्ची आणली होती. पाठ, बैठक, तळ, सगळं एकाच वळणात ओतलेलं. माणूस हजारो वर्षं लाकडाचे तुकडे जोडून खुर्च्या करत आला, बिनजोडाची प्लास्टिकची अख्खी खुर्ची एका साच्यातून निघायला विसाव्या शतकाची साठ-सत्तर वर्षं उलटावी लागली, असं ते प्रत्येक पाहुण्याला सांगत. पाहुणे मान डोलावत चिवडा खात. आणि सविताबाई आतून ओरडत, "अहो, त्या बादलीचं पुराण पुरे, चहा गार होतोय!" घरात तिचं नावच बादली पडलं होतं.

आता मुंबईत जुन्या प्लास्टिक फर्निचरचं मोठं प्रदर्शन भरणार होतं. प्रदर्शनवाल्यांना ही खुर्ची हवी होती, दळवींच्या नावाच्या पाटीसकट. अट एकच, वस्तू मूळची असावी, दुरुस्त केलेली चालणार नाही. आणि नेमक्या त्याच आठवड्यात सविताबाई लोणच्याची बरणी काढायला तिच्यावर चढल्या. वाकापाशी वीतभर तडा गेला.

"ते होते तोवर मी हसले," त्या आम्हाला म्हणाल्या. "आता एकदा चारचौघांत त्यांचं खरं होऊ दे. केरबा, कुणाला कळता कामा नये."

"बाई, तुमाला सुदिक कळनार न्हाई," केरबा म्हणाला.

टाकव्याला आल्यावर त्याने खुर्ची उलटी केली आणि माझ्याकडे संशयाने पाहिलं. "मागचे दोन पाय कुटं हायेत?"

मी टेम्पो झाडून काढला. पाय नव्हते.

"बंगल्यातच ऱ्हायले आसतील. म्हातारं मानूस, कुटं शोदत बसंल?" केरबा म्हणाला. मलाही ते पटलं. खुर्चीला चार पाय असतात एवढं मलाही कळतं.

आठ दिवस त्याने त्या तड्यावर घालवले. आतल्या बाजूची पट्टी किसून त्याच मालाने तडा भरला, पॉलिश पेपर मारून मारून बोटांची कातडी सोलली. आणि शेवटी, पदरचा वेळ मोडून, एका बंद पडलेल्या टीव्हीच्या खोक्यातून दोन दणकट काळे पाय कापून मागे डकवले.

गुरुवारी सकाळी आम्ही खुर्ची दिवाणखान्यात ठेवली. सविताबाईंनी बघितलं, चष्मा पुसून पुन्हा बघितलं.

"हे काय आहे?"

"पाय," केरबा हसत म्हणाला. "ते फुकाट."

त्यानंतर त्या जे बोलल्या ते त्यांच्या वयाला शोभणारं नव्हतं. केरबाला समजायला बराच वेळ लागला, की ही खुर्ची जन्मतःच मागच्या पायांशिवायची आहे, पुढून खाली उतरलेल्या वळणावरच तोलून उभी राहते आणि जगभर तिचं कौतुक त्याचसाठी होतं. "बिनपायाची काडली? मुद्दाम?" तो मला पुन्हा पुन्हा विचारत होता. प्रदर्शनवाला शुक्रवारी अकराला यायचा होता. केरबाने तिथेच मागच्या अंगणात बसून पाय कापले आणि संध्याकाळपर्यंत घासून सगळं पूर्ववत केलं. सविताबाईंनी त्याच्याकडून शब्द घेतला, की उद्या चकार शब्द काढायचा नाही.

खरं तर त्याने शुक्रवारी घरी बसायला हवं होतं. पण "बगतो फकस्त" म्हणत आलाच.

प्रदर्शनाकडून आलेला आकाश नावाचा तरुण मोठा अभ्यासू होता. बॅटरी, भिंग, पांढरे हातमोजे. अर्धा तास त्याने खुर्ची तपासली. "कमाल आहे!" तो म्हणाला. "या मालाच्या खुर्च्या याच वाकावर तडकायच्या. पण हिला ओरखडासुद्धा नाही. कुणाचा हात लागलेला नाही हिला."

सविताबाईंचा चेहरा उजळला. केरबा खोकला. मी त्याच्या पायावर पाय दिला.

"काय फिनिशिंग आहे बघा," आकाश नेमका त्या सांध्यावरूनच बोट फिरवत म्हणाला. "ते कामगारच वेगळे. आपल्याकडे हे कुणाला जमणंच शक्य नाही."

झालं.

"का न्हाई जमनार?" केरबा उसळला. "आठ दिस घासलंय म्या! ह्या हातानं! दावा, कुटं जोड हाय ते दावा!"

आकाशने पुन्हा भिंग लावलं. जोड सापडेना. शेवटी केरबानेच खुर्ची उलटी केली, कुठून किसलं, कुठं भरलं, पाय कुठं लावलेले, सगळं सविस्तर दाखवलं. शिकवायला त्याला फार आवडतं. मला तिथल्या तिथे त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटत होती.

आकाशने हातमोजे काढले. काम अप्रतिम आहे, पण नियम नियम आहे, असं नम्रपणे सांगून तो गेला.

केरबा मान खाली घालून उभा राहिला. "बाई, मालकांचं नाव घालवलं म्या. तोंड गप ऱ्हायलं न्हाई." त्याचे डोळे भरले होते. मग जरा वेळाने चाचरत म्हणाला, "पर जोड पक्का हाय. बसून तरी बगा."

"मी कधी बसलेच नाही हिच्यात," सविताबाई म्हणाल्या.

"कंदीच?"

"बादलीत कोण बसतं?"

पण उठल्या. हात मागे चाचपत, जपून टेकल्या. खुर्ची जराशी लवली आणि त्यांना सावरून थांबली. त्या पाठ टेकून बसल्या. डोळे मिटून घेतले. आम्हाला वाटलं, कुठे दुखलं की काय.

"बाई?" केरबा घाबरून म्हणाला.

"किती आरामशीर आहे रे ही," त्या म्हणाल्या आणि पदर डोळ्यांना लावला. "पंचेचाळीस वर्षं तो माणूस मला नुसतं बस म्हणत होता."