पडद्यांच्या दुकानाचं रंगीत कव्हर

"मागचं कव्हर, रंगीत, आणि मधोमध आमच्या स्वर्गवासी बाबांचा फोटो," मुकुंदभाऊ म्हणाले. "वहिनी, सगळा हॉल पाहत राहिला पाहिजे."

हॉल म्हणजे आमच्या मराठी मंडळाचा, आणि कव्हर पाडव्याच्या स्मरणिकेचं. जबलपुरात मी तीस वर्षं छोट्या दुकानांच्या जाहिराती करते. म्हटलं, "भाऊ, तिथले सगळे तुम्हाला ओळखतात. त्यांना नवीन काय सांगणार?"

"म्हणूनच तर! आपले लोक नाही येणार तर कोण येणार?"

भाऊंनी बरी चाललेली नोकरी सोडून सदर बाजारात पडदे शिवायचं दुकान टाकलं होतं. शिवायची त्यांची बायको दीप्ती. भाऊ मालक म्हणून बसायचे. जूनपर्यंत दुकान चाललं नाही तर ते बंद करून नागपूरला मेहुण्याच्या गोडाऊनवर देखरेखीला जायचं, असं घरात ठरलं होतं. मेहुण्याच्या हाताखाली! त्या नुसत्या कल्पनेनेच भाऊंची झोप उडाली होती.

मी कव्हर बुक केलं. कमिशन मिळणार होतं, आणि मीही काही संत नाही.

पाडव्याला स्मरणिका वाटल्या. लोकांनी त्यांचा लगेच सदुपयोग केला. जागा धरायला त्या खुर्च्यांवर ठेवल्या, चहा पिऊन आले आणि त्यांच्यावरच बसले. बाबांना एवढा मान हयातीत कधी मिळाला नसेल.

पण जाहिरातीने माणसं आणली, हे कबूल केलं पाहिजे. पंधरा दिवस दुकान भरलेलं. सगळे ओळखीचे, आणि सगळ्यांना हे 'घरचंच दुकान' असल्याचा अपार आनंद. एका काकूंनी पडद्यांचा भाव विचारला, चहा घेतला आणि उरल्यासुरल्या कापडातून उशांच्या चार खोळी शिवून नेल्या. "आपल्या माणसाकडून पैसे घेशील काय रे मुकुंदा?" मुकुंदा कसला घेतोय!

मे उजाडला. मी दुकानात गेले तर भाऊ म्हणाले, "आता हिंदी पेपरात हाफ पेज देऊन राहिलो."

हाफ पेज म्हणजे पेपरचं अर्धं पान. तिथे मोटारी विकतात. मी भाऊंचा नाद सोडला आणि दीप्तीला विचारलं, "इतक्या दिवसांत पूर्ण पैसे देऊन कोण गेलं?"

"एकच," ती मशीनवरून मान न उचलता म्हणाली. "फौजीची बायको. बदली होऊन आली. जुन्या क्वार्टरचे पडदे इथल्या खिडक्यांना तोकडे पडले. म्हणाली, दीदी, नीचे पट्टी जोड़ दो. दिली जोडून."

दर उन्हाळ्यात कॅन्टोन्मेंटमध्ये बदलीची कुटुंबं येतात. गावात कुणाला ओळखत नाहीत, आणि घरात खिडक्या उघड्या. त्यांच्या हाती आमची स्मरणिका कोण देणार?

मी पॅम्फ्लेट सुचवलं. वीतभर कागद, एका रंगात, फक्त कॅन्टोन्मेंटच्या हॉकरांनी पेपरात घालायचा. वर एकच ओळ: 'पुराने क्वार्टर के पर्दे छोटे पड़ गए? जोड़कर लंबे कर देंगे।' खाली पत्ता आणि फोन.

"एवढंसं चिटोरं?" भाऊ म्हणाले. "आणि बाबा?"

"बाबांना पट्टी जोडता येत होती काय?"

भाऊ दुखावले. "नवे पडदे काहून नाही लिहिले? जोडकामवाले म्हणून नाव करून राहिल्या तुम्ही आमचं!"

दीप्तीने मशीन थांबवलं. "नागपूरला जाऊन गोण्यांवर बसायचं असेल तर नका छापू."

छापलं.

पहिल्याच रविवारी तिघी आल्या, एक तर पडद्यांची अख्खी ट्रंक घेऊन. त्यांनी शेजारणींना सांगितलं. पट्टी जोडायला आलेल्या कित्येकींनी नवे पडदेही शिवायला टाकले. पैसे पूर्ण दिले, कारण यातली एकही भाऊंची काकू नव्हती. ओळखीच्यांना जाहिरात लागत नाही, सवलत लागते. जाहिरात अनोळखी माणसासाठी असते, एवढं शिकायला मला तीस वर्षं आणि एक रंगीत कव्हर लागलं.

जूनमध्ये मेहुण्याचा फोन आला तेव्हा मी दुकानातच होते. भाऊ जमिनीवर बसून कुणाच्या तरी पडद्याची जुनी दुमड उसवत होते, दोन्ही हात दोऱ्यात गुंतलेले. फोन दीप्तीने घेतला.

"ते नाही येऊन राहिले, दादा," ती म्हणाली. "सध्या माझ्या हाताखाली आहेत."