मंदाला समुद्राचा तळ बघायचा होता

पेणहून रोह्याला जाणाऱ्या आमच्या कंपनीच्या बसमध्ये किस्से कुणी मुद्दाम सांगत नाही, ते आपोआप सांडतात. फर्स्ट शिफ्टची बस. निम्मी माणसं झोपलेली, निम्मी जांभया देणारी. एकानं तोंड उघडलं की दुसऱ्याला काहीतरी आठवतं, नि कंपनीचं गेट येईपर्यंत कुणाची तरी अब्रू गेलेली असते. गेली काही वर्षं ती माझीच जाते. कारण खाडीकाठी जन्मून पोहता न येणारा हा मेंटेनन्सचा फिटर बायकोला घेऊन अंदमानला स्कूबा डायव्हिंग करायला निघाला होता!

*

माझी बायको मंदा पेणजवळच्या जोह्याची. तिच्या भावाचा गणपतीचा कारखाना आहे, नि लग्नाआधीपासून ती तिथं मूर्तींचे डोळे रंगवते. आम्ही त्याला आखणी म्हणतो.

घरच्या गणपतीच्या विसर्जनाला आमच्याकडं एक रीत आहे. जो मूर्ती घेऊन खाडीत शिरतो त्यानं बाहेर येताना तळाची मूठभर माती आणायची. ती घरात चारी कोपऱ्यांत टाकतात. हे काम माझ्या मेव्हण्याचं. मी काठावर आरतीचं ताट धरून उभा. मेव्हणा वर आला की मंदा दरवर्षी विचारणार, "खाली काय होतं रं?"

"काय असनार? काळोख नि चिखल!"

एकदा टीव्हीवर एक जोडपं समुद्राच्या तळाशी हातात हात घालून फिरताना दाखवलं. खाली लख्ख उजेड, पिवळे मासे, पांढरी वाळू. मंदा भाजी निवडत होती, ती तशीच राहिली.

"अवं, मी एवढे डोळे काढले, समदे पान्याखाली गेले," ती म्हणाली. "खाली काय हाय ते मला पन एकदा बघायचंय."

लग्नानंतर तिनं माझ्याकडं मागितलेली ही पहिली गोष्ट. सोन्याचा हार मागितला असता तर मी सुटलो असतो.

*

बसमध्ये मी हे सांगितलं ही माझी पहिली चूक. आमच्या बसमधले नाना, बॉयलरवरचे जुने ऑपरेटर, खिडकीला डोकं टेकून झोपले होते. ते डोळे न उघडता म्हणाले, "अंदमान कशाला? मालवनला होतंय की!"

मला पटलं. घरी येऊन मंदाला सांगितलं.

"मालवनला तुमची बहीन हाय," मंदा म्हणाली. "मी तिकडं गेली तर समुद्रात नाय, तिच्या मोरीत बुडेन!"

अंदमान नक्की झालं.

*

आता तारीख. गणपतीच्या आधी मंदाला कारखान्यातून मान वर करायला फुरसत नसते. मे महिन्यात कंपनीचा शटडाऊन, म्हणजे सगळा प्लांट बंद आणि फक्त मेंटेनन्सवाले चालू. मला सुट्टी मागायची सोय नाही. दिवाळी झाली की मेव्हण्याचं पुढच्या वर्षीच्या मूर्तींचं काम सुरू. आम्ही दोघांनी कॅलेंडर उलटंसुलटं करून पाहिलं. दोघंही मोकळे असा एकच पंधरवडा निघाला, अनंत चतुर्दशीच्या लगेच पुढचा.

मी खुशीत बसमध्ये जाहीर केलं.

"पितृपक्षात?" नाना ताडकन जागे झाले. "पितृपक्षात पान्याखाली जानार? अरे, पितरांना कावळा तरी लागतो. तू स्वताच भेटायला चालला!"

जोह्याला सासूबाईंनी हेच रडून सांगितलं. शिवाय त्या दिवसांत तिकडचा पाऊसही संपलेला नसतो, असं कळलं. झालं, ते वर्ष गेलं. पुढच्या वर्षी पुन्हा गणपतीनंतर पितृपक्षच आला. तो काही आमच्यासाठी जागा बदलणार नव्हता. पुढं एका वर्षी मेव्हण्याचं हाड मोडलं, एका वर्षी माझ्या बदली कामावर येणारा रिलीव्हर नोकरी सोडून गेला. मंदा दर वर्षी एवढंच म्हणायची, "ऱ्हाऊ दे, समुद्र काय आटत नाय." मला मात्र मनातून वाटायला लागलं होतं, की आपण काही जात नाही. तळबीळ बघायला जन्मणारी माणसं वेगळी असतात.

*

पण तयारी चालूच होती. रोह्याला नदीपलीकडच्या अष्टमी गावात राहणारा इक्बाल आमच्याच डिपार्टमेंटचा. कुंडलिकेत लहानपणापासून पोहणारा. तो म्हणाला, "शिफ्ट सुटली की चल. मासळीसारखा करतो तुला."

मी मुंबईहून मागवलेला मास्क लावला नि नदीत शिरलो. इक्बालनं माझ्या कमरेला दोरी बांधली आणि दुसरं टोक धरून तो काठावर उभा राहिला. मी खाली जायचो, नाकातोंडात पाणी गेलं की दोरी हलवायचो, तो ओढायचा. असं दोन-तीनदा झालं, नि पुलावर ही गर्दी! रिक्षा थांबल्या. दोरी, पाणी, काठावरचा ओरडणारा माणूस, एवढं बघून लोकांनी जे समजायचं ते समजून घेतलं.

"कोन गेला?" वरून कुणीतरी ओरडलं.

"कोनी गेला नाय!" इक्बाल खालून ओरडला. "हा जायची प्रॅक्टिस करतोय!"

एवढ्यावर भागलं नाही. मी दमून बसनं पेणला पोचलो, तर बातमी माझ्याआधी पोचलेली, दारात चपलांचा ढीग. शेजारची म्हातारी मंदाचा हात धरून बसलेली. मला बघून म्हातारी घाबरली, आणि मंदा आधी रडली, मग भांडी आपटायला लागली.

*

सुट्टीच्या अर्जाचंही तसंच. आमच्या साहेबांनी कारणाच्या जागी "स्कूबा डायव्हिंग" वाचलं नि चष्मा काढला.

"म्हणजे पाण्याखाली?"

"हो साहेब."

"वर येणार ना? शटडाऊनला माणूस नाही आपल्याकडं."

सेफ्टी ड्रिलच्या दिवशी मी गॅसगळतीच्या वेळी घालायचा मास्क आणि पाठीवरची हवेची टाकी लावून, ड्रिल संपल्यावरही स्टोअरच्या मागं श्वास घ्यायची सवय करत बसलो होतो. सेफ्टी ऑफिसर धावत आला.

"गॅस कुठाय? कुठाय गॅस?"

मी मास्क काढून म्हणालो, "अंदमानला."

मेमो मिळाला. पण सुट्टीही मिळाली. दिवाळीनंतरची, दोघांची तिकिटं पक्की! मेव्हण्यानं सुद्धा पहिल्यांदाच "जा गो, मी बघतो" म्हटलं. त्या दिवशी बसमध्ये नानांनी स्वतःच्या डब्यातली करंजी मला दिली.

*

डायव्हिंगवाल्यांनी कळवलं, की आधी डॉक्टरकडून तपासून घ्या. मंदाला खोकला होताच. पण जोह्यात कुणाला नसतो? मूर्तीला पॉलिश पेपर मारला की प्लास्टरची भुकटी घरभर उडते, वर स्प्रेचा रंग. तोंडाला पदर लावायचा नि काम करायचं. आम्ही सगळे त्याला "सीझनचा खोकला" म्हणतो.

पेणच्या डॉक्टरांनी मला पाच मिनिटांत मोकळं केलं. मंदाला एका नळीत जोरात फुंकायला लावलं. मग पुन्हा. मग आणखी एकदा. मग छातीचा फोटो काढायला पाठवलं. फोटो त्यांनी उजेडाला धरून दोनदा पाहिला.

"पाण्याखाली जायचं म्हणता? बाई, तुम्हाला जिना तरी चढवतो का?"

"आमच्या घराला जिना नाय," मंदा म्हणाली.

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी सांगितलं, ही भुकटी छातीत बसलीय, ती आता निघायची नाही. कारखाना बंद करा, पाण्याचं तर नावच काढू नका. मला त्यांचा राग आला, मेव्हण्याचा आला, सगळ्यात जास्त माझा आला. वर्षानुवर्षं मी कुंडलिकेत बुडायची तयारी करत होतो, नि बाजूला निजणारी बाई कशी श्वास घेते ते मला ऐकू आलं नव्हतं.

घरी येऊन मी म्हटलं, "तिकिटं रद्द करतो."

"कशाला? तुम्ही जावा खाली. मी वर बसेन."

"माझ्यानं नाय व्हायचं गो एकट्यानं."

"मंग कोन सांगनार मला, खाली काय हाय ते?"

दुसऱ्या दिवशी बसमध्ये सगळ्यांना कुठून तरी कळलं होतं. रोह्यापर्यंत कुणी तोंड उघडलं नाही. उतरताना नानांनी माझ्या खिशात आल्याच्या वड्यांची पुडी घातली. "बोटीत मळमळलं तर," ते म्हणाले.

*

अंदमानातलं ते बेट एवढंसं. एका टोकाला उभं राहिलं की दुसऱ्या टोकाचे माड दिसतात. तिथं गेल्यावर पहिली गोष्ट कळली ती ही, की पोहता येत नसलं तरी चालतं, इन्स्ट्रक्टर धरूनच नेतो! इक्बालला अजून हे सांगितलेलं नाही.

मंदा बोटीत बसली. मांडीवर डबा, डोक्याला पदर. मला पाण्यात उतरवलं तेव्हा मी बोटीची कड सोडेना. इन्स्ट्रक्टरनं दंड धरला नि आम्ही खाली गेलो. कान दुखले. मग दुखायचे थांबले. पिवळे मासे होते, टीव्हीत होते तसेच. तळाची वाळू पांढरी होती, खाली-वर सगळीकडं उजेड होता. पाय टेकले नि माझा हात आपसूक वाळूत गेला. इन्स्ट्रक्टर बोट हलवून नाही नाही करत राहिला. मी मूठ सोडली नाही.

वर आल्यावर मंदानं डब्याचं झाकण पुढं केलं. मी त्यावर मूठ उघडली. अर्धी वाळू पाण्याबरोबर वाहून गेली होती, अर्धी होती.

"खाली काय होतं वं?"

"उजेड होता गो. सगळा उजेड."

इन्स्ट्रक्टर हात जोडून सांगत होता, "मॅडम, यहाँ से रेत ले जाना मना है. वापस डालना पड़ेगा."

मंदानं वाळूला बोट लावलं, ते कपाळाला टेकवलं. मग बोटीच्या काठावर वाकून तिनं झाकण दोन्ही हातांनी हळूच पाण्यात बुडवलं. खोकला आला, तो जाईपर्यंत थांबली. वाळू खाली दिसेनाशी झाली तरी ती वाकलेलीच होती.

"पुढच्या वर्षी लवकर या," ती म्हणाली.

"मॅडम क्या बोली?" इन्स्ट्रक्टरनं मला विचारलं.

मी मास्क अजून काढला नव्हता, नि काच आतून ओली होती.