सहासष्ट पन्हा, तीस नंबरचं धनुष्य

आमच्या हॉलच्या भिंतीवर एक धनुष्य सतरा दिवस उलटं टांगलेलं होतं, आणि ते उलटं आहे हे घरात कुणालाच माहीत नव्हतं. टांगणारा मीच. नुसतं टांगलं असतं तर निभावलं असतं. मी त्याला दोरीसुद्धा उलटीच बांधली, आणि त्याच्याखाली छाती काढून उभा राहून फोटो काढून घेतला. फोटो सासरच्या ग्रुपवर टाकला. बायकोच्या मावशीनं हात जोडल्याची सहा चित्रं पाठवली. ती मला होती की धनुष्याला, ते कळलं नाही.

धनुष्य माझ्या सासऱ्यांचं. बायकोचं माहेर भिवंडीजवळ, कशेळीच्या पलीकडे, खाडीला लागून. पूर्वी तिथे भातखाचरं होती, आता गोडाऊनं आहेत. सासरे तरुणपणी भिवंडीत लूमवर, म्हणजे यंत्रमागावर होते, मग ठाण्याच्या एका कारखान्यात फिटर झाले. कारखान्यात एक परदेशी साहेब होता, त्याला तिरंदाजीचा नाद. मायदेशी जाताना त्यानं सासऱ्यांना हे धनुष्य दिलं. इथपर्यंत घरात सगळ्यांचं एकमत आहे. भांडण पुढे आहे.

बायको सांगते, ती चार वर्षांची असताना, भात झोडून झाल्यावर, एका दुपारी बाबा तिला एकटीला घेऊन शेतावर गेले. तिला बांधावर बसवलं, बाण लावला, आणि सोडला तो सरळ पेंढ्याच्या उडवीत घुसला.

तिचा मोठा भाऊ, म्हणजे माझा मेव्हणा, तेव्हा बारा वर्षांचा होता. तो म्हणतो, "बाबांनी कधी हातात धरलं न्हाय ते. माल्यावर व्हतं, चादरीत गुंडालून. सपान पडलं असंल तुला."

हे संभाषण मी लग्नापासून दर गणपतीला ऐकत आलोय. सगळे हसतात. बायकोही हसते. परत येताना रिक्षात मात्र बोलत नाही. सासरे शिफ्टचे माणूस. घरी असले की झोपलेले. तिला एकटीला घेऊन त्यांनी काही केलं असेल तर ती एवढी एक दुपार. ती दुपार झालीच नाही असं ठरलं, तर तिच्या वाट्याला शिफ्टच उरते. हे ती बोलून दाखवत नाही, पण इतक्या वर्षांच्या संसारात मला जे दोन-चार विषय कळलेत त्यातला हा एक आहे.

सासरे हयात असताना त्यांनाच का विचारलं नाही? विचारलं होतं. ते म्हणाले, "हूं." त्यांचं हो म्हणजे हूं आणि नाही म्हणजेही हूं.

यंदा मेव्हण्यानं माळा रिकामा केला आणि बहिणीला म्हणाला, तुला हवं ते ने. ती धनुष्य घेऊन आली. मी ठरवलं, याचा शोध आपण लावायचा. माझं भिवंडीच्या निजामपुऱ्यात लूमच्या स्पेअर पार्टचं दुकान आहे. पंचवीस वर्षं पार्ट ओळखण्यात गेली. धोटा ठोकणाऱ्या पिकरवरच्या घाशीवरून मशीन कुठलं ते सांगतो, तर एका धनुष्याचं काय मोठं, असं मला वाटलं.

वस्तू मात्र देखणी. मूठ तांबूस लाकडाची, तिच्यात मधोमध फिक्या लाकडाची एक पट्टी, आणि दोन लाकडं जिथे भेटतात तिथे नख फिरवलं तरी सांधा लागत नाही. धनुष्याचा वरचा-खालचा हात म्हणजे पातळ लाकडाचे थर, त्यांच्या दोन्ही अंगांना काचेसारखी गुळगुळीत पट्टी. कडेनं पाहिलं की खारी बिस्किटासारखे पदर दिसतात. खालच्या हातावर काळ्या शाईनं, कुणीतरी हातानं लिहिलेलं: ६६, आणि त्याच्याखाली ३०, पुढे # अशी नंबराची खूण.

भिवंडीत कुणालाही विचारा, याचा अर्थ काय. कापडाचा पन्हा, म्हणजे रुंदी, सहासष्ट इंच, सूत तीस नंबर. मला क्षणभरसुद्धा शंका आली नाही. मी शेजारच्या कारखान्यातून तीस नंबरच्या सुताचा कोन आणला, तारा मोजून पीळ दिला, आणि दोरी केली. बायको म्हणाली, "साहेबाच्या देशात आपला पन्हा कशाला लिहितील?" मी म्हणालो, "कापड सगळीकडे सारखंच."

दोरी नसताना हे धनुष्य एका बाजूला वाकलेलं असतं. मी जिकडे वाकलं होतं तिकडेच त्याला आणखी थोडं वाकवलं. किती समजूतदारपणानं वाकतंय, असं कौतुकही केलं. खरं तर त्याला विरुद्ध बाजूला वाकवायचं असतं. जिकडे त्याला जायचं नसतं तिकडे. त्याचा सगळा जोर त्या नाराजीतून येतो. दोरीसाठी टोकाला कोरलेली खोबण भलत्याच अंगाला आहे हे मला दिसलं होतं. बनवणाऱ्याची चूक आहे, असं मी बायकोला सांगितलं. मूठ हाताला रुतत होती. साहेबाचा हात वेगळा असेल, असंही सांगितलं.

फोटो मी स्टेटसलाही ठेवला होता. अठराव्या दिवशी माझं एक गिऱ्हाईक, कोकणी मुसलमान लूमवाले, दुकानात आले आणि म्हणाले, "शेठ, माझी बहीण शाळेत पोरींना तिरंदाजी शिकवते. तिनं तुमचा फोटो बघितला. ती म्हणते, दोरी आत्ताच्या आत्ता काढा, आणि हळू काढा."

दुसऱ्या दिवशी मी आणि बायको, दोरी काढलेलं धनुष्य घेऊन त्या शाळेत निघालो. गल्लीत हातगाड्या लागलेल्या, रिक्षा आत येईना, म्हणून चालत. एका कारखान्याच्या दारातून आवाज आला, "चाचा, शिकार पे निकले क्या?" दुसरा म्हणाला, "अरे, कापूस पिंजने का है वो." बायको माझ्यापासून चार पावलं मागे चालायला लागली.

मॅडम चाळिशीच्या, गळ्यात शिट्टी. धनुष्य हातात घेऊन पहिली पाच मिनिटं त्यांनी ते नुसतं तपासलं. कडेनं डोळा लावून धनुष्याचे दोन्ही हात सरळ आहेत का ते पाहिलं, अंगठ्याचं नख थरांवरून फिरवत नेलं, मूठ रुमालानं पुसली. मग म्हणाल्या, "माशाअल्ला, काय काम आहे हो! आताचे सुटे होतात, स्क्रूनं जोडतात. हे एकसंध आहे. हे थर कुणीतरी एकेक करून चिकटवलेत."

मी म्हणालो, "पन्हा सहासष्ट, सूत तीस नंबर."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग बायकोकडे पाहिलं. "भाऊ, सहासष्ट ही लांबी. तीस म्हणजे ओढायला लागणारं वजन, पौंडात."

"पण इंच बरोबर होते ना?"

"इंच बरोबर होते," त्या दयेनं म्हणाल्या.

मग वरच्या हातावर त्यांना केसाएवढी एक रेघ सापडली. ती माझ्या उलट्या दोरीनं पडली की मूळचीच होती, ते त्यांनाही सांगता येईना. "पण आता याला ओढायचं नाही. कधीच नाही. दोरी न लावता, आडवं, दोन खुंट्यांवर ठेवा." मी मान खाली घातली. बायको त्या रेघेवरून बोट फिरवत राहिली.

मग तिनंच विचारलं, "मॅडम, हे कुणी वापरलंय का, ते कळतं का?"

मॅडमनी शाळेचं एक धनुष्य शेजारी धरलं. मुठीच्या वर बाण जाण्यासाठी कापलेली जागा असते. शाळेच्या धनुष्यात ती डावीकडे होती, आमच्या धनुष्यात उजवीकडे. "हे डावऱ्याचं आहे. उजव्या हातात धरायचं, डाव्यानं ओढायचं. भाऊंनी उलटं बांधलं म्हणून फोटोत उजव्या हाताच्या माणसाचं वाटत होतं. तुमचे वडील डावरे होते का?"

"नाही," बायको म्हणाली. "सगळं उजव्या हातानं करायचे."

मला तिथून उठून जावंसं वाटलं. तिची बाजू सिद्ध करायला निघालो होतो, आणि मेव्हण्याला पुरावा शोधून दिला होता. वरून धनुष्यही मोडीत काढलं. बायको हातातल्या पिशवीचे बंद सारखे करत बसली.

काहीतरी करायचं म्हणून मी ती कापलेली जागा पाहिली. बाण टेकतो तिथे नखाएवढा चामड्याचा तुकडा चिकटवलेला, त्यावर बारीक घाशी. ते चामडं मी ओळखलं. आयुष्यात पहिल्यांदा माझं ज्ञान जागेवर उपयोगी पडलं. "हे लूमच्या पट्ट्याचं चामडं आहे," मी म्हणालो. "मी रोज विकतो. हे साहेबाच्या देशातलं नाही, हे इथलं आहे."

"असेल," मॅडम म्हणाल्या. "पण कुणीही चिकटवलं असेल. साहेबानंसुद्धा."

तेवढ्यात त्यांना काय आठवलं कोण जाणे. "भाभी, हाताचं सोडा. आमच्या तिरंदाजीत डोळा महत्त्वाचा. काही पोरी जेवतात उजव्यानं, पण नेम डाव्या डोळ्यानं धरतात. त्यांना मी डाव्याचंच धनुष्य देते. हे असं करा." त्यांनी दोन्ही तळवे जोडून मध्ये एक भोक केलं, त्यातून दाराच्या कडीकडे पाहिलं, आणि हात हळूहळू चेहऱ्याकडे आणले. हात आपोआप एका डोळ्यावर आले. तो तुमचा डोळा, म्हणाल्या. मीही करून पाहिलं. माझं भोक नाकावर आलं.

बायकोनं हात वर उचललेच नव्हते. ती म्हणाली, "बाबांना उजव्या डोळ्यानं अंधूक दिसायचं. लग्नाआधी, लूमवर असताना, मागाचं शटल उडून डोळ्याला लागलं होतं."

मी तिच्याकडे बघतच राहिलो. मला हे कधी कुणी सांगितलंच नव्हतं. सासरे माझ्याकडे कायम मान वळवून, तिरकं बघायचे. मी समोर बसलो की चेहरा उजवीकडे आणि नजर माझ्यावर. वीस वर्षं मी समजत होतो की त्यांना जावई पसंत नाही. त्या भीतीनं मी त्यांच्यापुढे दुसऱ्यांदा भात मागितला नाही. आणि तो माणूस बिचारा मी नीट दिसावा म्हणून मान वळवत होता! निदान आता तरी मी तसं समजतो. पसंत नसेनही, दोन्ही एकाच वेळी असू शकतं.

"मग हे त्यांनीच चालवलंय?" मी मॅडमना विचारलं.

"मी कसं सांगू? साहेबच डावरा असेल. किंवा यांच्या वडिलांचा डोळा बघून साहेबानं मुद्दाम असं मागवून दिलं असेल. एवढंच सांगते, त्यांनी वापरलं असतं तर असंच वापरलं असतं."

हा निकाल आहे की नाही, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. शाळेच्या फाटकातूनच मी मेव्हण्याला फोन लावला आणि पट्टा, डोळा, उजवा हात, डावा हात असं सगळं एका दमात सांगितलं. "भावोजी," तो म्हणाला, "मला काय बी कललं न्हाय. पण तो डोला तसा व्हता, ते खरं हाय." मग म्हणाला, "तरी मी बघितलं न्हाय ते न्हायच." त्याचंही बरोबर होतं. बाराव्या वर्षी दुपारी तो शाळेत असणार.

घरी येऊन मी दोन खुंट्या ठोकल्या आणि धनुष्य आडवं ठेवलं. खुंट्या एका पातळीत आल्या नाहीत. बायको पलंगावर बसून बघत होती. मला वाटलं, आता त्या रेघेबद्दल बोलणार. मी तयारीत होतो.

"अहो," ती म्हणाली, "तो बाण उडवीला लागलाच नव्हता. चांगला दोन हात बाजूनं गेला, खाडीच्या चिखलात. आधीचे सगळे हरवले होते, तो शेवटचा होता. आम्ही दोघं दिवस मावळेपर्यंत शोधत होतो, गुडघ्यापर्यंत चिखल. नाही सापडला. बाबा म्हणाले, बाण हरवला हे घरी सांगू नको हं. म्हणून मी आजपर्यंत लागला असंच सांगत आले."