होल्याच्या घशात

मेलेलं पाखरू दिसलं की आमचा शेजारी आधी चपला काढायचा. मग हाताला पिशवी गुंडाळून ते उचलायचा. मी काही अंदाज बांधला की म्हणायचा, "आवं काकी, बघितल्याबिगर बोलायचं न्हाई."

आटपाडीच्या जनावरांच्या दवाखान्यात त्याचं काम शेळ्यामेंढ्यांच्या लेंड्या सूक्ष्मदर्शकाखाली तपासायचं. पण जीव सगळा रानपाखरांत. कुणी काडीपेटीतून मोराची विष्ठा आणून दिली तर पेढे मिळाल्यासारखा हसायचा. बायको करवादायची, "माझ्या माहेरचा डबासुदीक ह्यांनी घाणीला लावला!"

गेल्या उन्हाळ्यात माझ्या अंगणात होले, ती कबुतरासारखी बारकी पाखरं, मरायला लागली. गळा सुजलेला, चोच उघडी, दाणा गिळवेना. मी पलीकडच्या डाळिंबवाल्या भाऊंना आळीदेखत धरलं. "तुमच्या फवारणीनं मारली माझी पाखरं!" भाऊ बिचारे खाली बघत राहिले.

शेजाऱ्याने एक जिवंत होला धरला, घशातून कापसाची काडी फिरवली, काचेवर टेकवली. "या, बघा."

सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला आणि मी मागेच सरले. शेपटीवाले बारीक जीव नुसते वळवळत होते!

"ह्ये घशात?"

"व्हय. पाण्यातनं एकाचं दुसऱ्याला जातंय. तुमच्या परळातलं पाणीबी बघितलं. त्यातबी हायत."

तुमच्याही गच्चीवर असेल पाखरांच्या पाण्याचं एखादं पसरट मातीचं परळ. माझ्या सासूबाईंनी सांगितलेलं, पाखरांचं पाणी ओतून द्यायचं नाही, पुण्य सांडतं. म्हणून मी कधी ते रिकामं केलं नाही, घासलं नाही. रोज वरून तांब्याभर भर घालत आले.

"म्हंजी मीच मारली रं?"

खोटं बोलला असता तरी चाललं असतं. पण तो म्हणाला, "व्हय, काकी." मग, "तुमास्नी ठावं नव्हतं."

परळ त्यानेच घासलं, उन्हात पालथं घातलं.

यंदा संक्रांतीच्या आधी तो गेला. सकाळी कामावर निघालेला माणूस, वाटेतच कोसळला. मला अजून खरं वाटत नाही. डोळ्यांपुढे येतो तो परळ घासलं त्या दुपारचा. "भाऊंकडं येऊ का संगं?" असं विचारून माझ्यापुढे चालत निघालेला. फाटकाशी त्याने हाक दिली, "भाऊ, हाय का घरात? काकी आल्यात."

भाऊ बाहेर आले, तसा तो बाजूला झाला. पुढचं मला एकटीलाच बोलायचं होतं.