आक्कानं मधे घातलेली काच

नंदगडहून कार्ड आलं ते कोपरा फाडलेलं. म्हणजे वाचायच्या आधीच कळलं, कुणीतरी गेलं. कोण, एवढंच बघायचं राहिलं. माझ्या नवऱ्याची थोरली बहीण, आमची आक्का. रीतीप्रमाणे कार्ड वाचून फाडून टाकलं, अंगावरून पाणी घेतलं आणि दुपारी चांगल्या दोन भाकऱ्या खाल्ल्या. रडू आलं नाही. पंचवीस वर्षं जिची विचारपूस केली नाही, तिच्यासाठी रडायलाही तोंड लागतं... ते माझ्याकडं नव्हतं. आता महिना झालाय. नातवंडं शाळेत गेलीत, घर रिकामं आहे, तर लिहून टाकते.

आक्का बाराव्या वर्षी विधवा होऊन बेळगावला माहेरी परत आली आणि पुढं भावाच्या संसारात राहिली. मी त्या घरात सून म्हणून गेले तेव्हा सोळाची होते, आणि शहाणपणाचा नुसता हंडा होते, तळाला भोक असलेला. जर्मन लढाई संपल्यावर कॅम्पातला एक गोरा साहेब विलायतेला परत निघाला. त्याच्या सामानाच्या लिलावातून आमच्या ह्यांनी काचेची एक मोठी पेटी उचलून आणली. कणकुंबीवरून घाट चढून येणाऱ्या एका गोवेकर गाडीवाल्यानं मडक्यातून मासे आणून दिले: चपटे, पिवळेधमक, अंगावर शेंदरी ठिपके, खाडीतले पण गोड्या पाण्यातही जगणारे. चारातले दोन मेले. उरली ती जोडी, आणि तिनं अंडी घालायचा सपाटाच लावला. दर पंधरा दिवसांनी पेटीतल्या कौलाच्या तुकड्यावर अंड्यांची रास दिसायची, आणि घरात कुणी भांडं आपटलं की दोघं घाबरून स्वतःच ती खाऊन टाकायची.

आक्कानं ते सगळं हातात घेतलं. पेटीला तीन बाजूंनी जुनं लुगडं लावलं. रांजणातल्या डासांच्या अळ्या गाळून ती स्वतःच माशांना घालायची, दुसऱ्या कुणाला जवळ येऊ देईना. विहिरीचं पाणी एक दिवस शिळं करून मगच थोडं थोडं बदलायची. अखेर एकदाची पिल्लं तगली. ती आईबापाच्या अंगाला लगडून सारखी टोचताना मी पाहिली आणि माझी खात्रीच पटली, की ही कार्टी आईबापाला जिवंत खातायत. आक्का देवळात गेलेली बघून मी सगळी पिल्लं पाण्याच्या परातीत काढली आणि त्यांना भाताची शितं घातली. दुसऱ्या दिवशी परातीत काही हलत नव्हतं. आक्का ओरडली नाही. "खात न्हवती गं काशे," म्हणाली, "अंगावर पीत व्हती. चीक सुटतो त्यांच्या अंगाला." मी पदरात तोंड घालून हसले. माशाला कुठं दूध असतं, आणि हिला पाजण्यातलं काय कळतं? तीन पोरांना पाजलेली बाई मी!

पुढं तीन-चारदा आक्कानं पिल्लं वाढवली, पण मादी वाळत चालली. शेपूट फाटलं, पोट आत गेलं, तरी नर तिला कौलाकडं रेटायचा. शेवटी आक्कानं एका मोडक्या तसबिरीची काच काढली आणि पेटीच्या मधोमध उभी केली, नर इकडं, मादी तिकडं. आमचे हे हसले. "काय गं आक्का, मासोळीला माहेरपण व्हय?"

"व्हय. दोन महिनं. अंग धरू दे तिला." मग माझ्या पोटाकडं बघून म्हणाली, "आप्पा, हे चौथं झालं की हिलाबी निपाणीला आईकडं धाड. वरीसभर आणू नगस. पाच वरसांत चौथं हाय रं... मरंल ती."

ह्यांनी मान खाली घातली. त्यांना पटलंही असेल, कोण जाणे. माझ्या मात्र अंगाची आग झाली. स्वयंपाकघरात सासूबाईंशी बोलायच्या निमित्तानं मी बाहेर ऐकू जाईल असं म्हणाले, "जिची ओटी कधी भरली न्हाय, तिनं दुसऱ्याची मोजू नये." परसात आक्का अळ्या गाळत होती. तिचा हात थांबला नाही. सासूबाईंना तेवढंच पुरलं. पोटुशीवर विधवेची नजर नको असं ठरलं, आणि आठ दिवसांत पोटच्या लेकीला त्यांनी नंदगडला पुतण्याकडं धाडलं. उंबऱ्यात आक्का मला म्हणाली, "काच काढू नगस काशे. अजून महिनाभर तरी." मी 'बरं' म्हटलं आणि बैलगाडी वळायच्या आत काच काढली.

तिसऱ्यांदा अंडी घातल्यावर मादी तळाशी आडवी झाली ती उठलीच नाही. मी आडवी झाले ती आठव्या बाळंतपणानंतर. आठातली चार राहिली. दात गेले, कंबर गेली. हे अखेरपर्यंत म्हणत, आक्का थोडी विचित्रच होती. मी हुंकार भरायचे. नंदगड म्हणजे दिवसाभराची वाट, मला पंचवीस वर्षं लागली.

तेराव्याला गेले. त्या चुलतदिराच्या बायकोनं, तुळसानं, मला आक्काच्या खोलीत नेलं. खुंटीवर दोन लुगडी, कोपऱ्यात घोंगडं. तुळसा माझ्याच वयाची, पण सहज वाकून तिनं ते घोंगडं माझ्यासाठी पसरलं. हसली तेव्हा दात सगळे जागच्या जागी. पोरं किती, मी विचारलं.

"दोनच. मधे सात वरसांचं अंतर. पयल्याच्या येळी मी लई खंगले. आक्का मालकांना म्हणाल्या, हिला माहेरी धाड. त्यांनी तोंड वाकडं केलं. मग आक्कांनीच माझं गाठोडं बांधलं न् मला कोगनोळीला आईकडं सोडून आल्या. दोन वरसं येऊ दिलं न्हाय. तुम्हाला न्हाय कधी असं सांगितलं व्हय त्यांनी? तुम्ही तर त्यांच्या सख्ख्या भावजय..."

खोलीत आक्काच्या मशेरीचा वास अजून होता. मी घोंगड्यावरून हात फिरवत राहिले.

"न्हाय," मी म्हणाले. "मला कधी काय सांगितलं न्हाय."